पूर आला की स्पिरिट, मग बाकी वर्षभर काय?

दर पावसाळ्यात मुंबई तुंबली की आपल्याकडे तोच वाद सुरू होतो. एक गट म्हणतो बघा मुंबईकर कसे एकमेकांना पाणी-बिस्किटं वाटतात, दुसरा म्हणतो स्पिरिटचं कौतुक पुरे, आधी नाले साफ करा. मला दुसऱ्यांचं पटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, पण म्हणून महापालिकेला कुणी जाब विचारायचा नाही असं थोडंच आहे? फक्त इथे शिकागोत बसून मला वाटतं की दोघंही त्या एका दिवसावरूनच भांडतायत.

शिकागो म्हटलं की सगळ्यांना बर्फ आठवतो, पण जुलै १९९५ मध्ये इथे उकाड्याने माणसं मेली, पारा ४१ अंशांवर गेला आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. त्यात कितीतरी जण म्हातारे, एकटे, भीतीपोटी दारं-खिडक्या बंद करून बसलेले. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने नंतर नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल या एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्या तपासल्या. एकटे राहणारे गरीब म्हातारे दोन्हीकडे साधारण सारखेच, पण मृत्यू नॉर्थमध्ये लाखामागे ४० आणि साउथमध्ये ४! नॉर्थमधले कारखाने गेले, मागोमाग दुकानं गेली, प्लॉट ओसाड पडले, लोक बाहेर पडायला घाबरायचे. साउथमध्ये मात्र दुकानं, फेरीवाले, फुटपाथवर वर्दळ, त्यामुळे म्हातारी माणसंसुद्धा रोज खाली उतरायची आणि कोण दिसलं नाही ते कुणाच्या तरी लक्षात यायचं. कुणी फार मोठं काही केलं नव्हतं हो, रोजची ओळख होती एवढंच.

इथे घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ स्वतः काढायचा असा शहराचा नियमच आहे. पण आमच्या गल्लीत फावडं घेऊन निघालेला माणूस आपल्यापुरतं काढून थांबत नाही, शेजारच्या आजींच्या पायऱ्याही साफ करतो आणि जाता जाता बेल वाजवून सगळं ठीक ना विचारतो, तो नियम कुठेच लिहिलेला नाही.

आता घरचं सांगते. आई मुलुंडला एकटी असते. दुधाची पिशवी आठ वाजेपर्यंत दारालाच लटकलेली दिसली की समोरच्या काकू बेल वाजवतात, भाजीवाला खालून नाव घेऊन हाक मारतो, आणि मी हजारो मैलांवर निवांत झोपते ती या दोघांच्या भरवशावर, मी पाठवलेल्या कॅमेऱ्याच्या नाही. आणि त्याच सोसायटीत आता ठराव येतोय की सिक्युरिटीसाठी दूधवाला, भाजीवाला, पेपरवाला कुणीच आत नको, सगळं गेटवर ठेवायचं, ज्याने त्याने खाली येऊन न्यायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं? चोरीची भीती मला कळते, नोंद ठेवा, ओळखपत्रं द्या, गेटवर चांगला पगार देऊन कायमचा माणूस ठेवा. पण दारापर्यंत येणारी माणसंच बंद केलीत तर आत कोण पडलंय हे कळणार कुणाला?

आईला सांगितलंय, मीटिंगला जा आणि विरोधात मत दे. काकूंनाही घेऊन जा.