बिघाड वरच्या पेटीत

गेल्या रविवारी दुपारी गेटवेसमोर, लाँचभर पर्यटकांच्या साक्षीने, माझं शीड अर्ध्यावर अडकलं. त्यावर घरात अजून हसणं चालू आहे. मी सोडून.

बोट बावीस फुटी, जुनी, तिघांच्या मालकीची: मी, मेहुणा आणि मेहुण्याचा एक मित्र, जो फोटोपुरता मालक आहे. पुढच्या तिकोनी शिडाला जिब म्हणतात. आमचं जिब उतरवून घडी घालावी लागत नाही. डोलकाठीला पुढून ताणून धरणाऱ्या पुढच्या तारेवर एक अ‍ॅल्युमिनियमची नळी आहे, नळीच्या पायथ्याशी ड्रम, ड्रमवर दोरी. कॉकपिटमध्ये बसून दोरी ओढली की नळी फिरते आणि शीड चटईसारखं गुंडाळलं जातं. असलं एक यंत्र विकम-मार्टिन नावाच्या एका इंग्रजाने १९०७च्या सुमारास काढलं. पूर्वी, आंग्र्यांच्या गलबतांवर वगैरे, शीड आवरायला माणसं असायची. माणूस अडला तर त्याला शिव्या देता येतात. ड्रमला दिल्या, काही फरक पडला नाही.

तर तीन वाजून गेलेले, वायव्येचा वारा भरलेला, परत येताना मी दोरी ओढायला घेतली. निम्मी आली आणि थांबली. अर्धं शीड गुंडाळलेलं, अर्धं वाऱ्यावर; नेसता नेसता दारावरची बेल वाजली की धोतराचं होतं तसं. वर त्याचा तो फटाफट आवाज. शेजारचं बोलणं ऐकू येईना.

"भावजी, विंचवर घेऊ का?" मेहुणा ओरडला.

मी "घे" म्हणालो. हे कबूल करायला आठ दिवस लागले. विंच म्हणजे दोरी जोर लावून ओढायचा हाताने फिरवायचा रहाट. अडकलेल्या दोरीला तो लावायचा नसतो. पुढची तार तुटली तर सगळी डोलकाठीच मागे डोक्यात येते. वर कुठेतरी कुईं असा आवाज झाला आणि आम्ही दोघेही एकदम देवभोळे झालो.

मग मी पुढे जाऊन पालथा पडलो आणि ड्रममध्ये डोकं घातलं. शीड सोडताना दोरीवर थोडा ताण ठेवावा लागतो, नाहीतर ती ड्रमवर सैल बसते, वेटोळ्यात वेटोळं घुसतं आणि गाठ होते. हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मी दोष तिथेच शोधला. दोरी सोडली, नीट बसवली, पुन्हा ओढली. ढिम्म. तोवर भरती आम्हाला शांतपणे नौदलाच्या धक्क्याकडे नेत होती, जिथे न सांगता गेलं तर चहा विचारत नाहीत.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "ओ साहेब! शटर अडकलं का?"

घारापुरीहून परतलेली एक लाँच, धक्क्याला जागा मिळेना म्हणून आमच्यापासून पंचवीस-तीस हातांवर घुटमळत होती. वरच्या डेकवर कठड्याला पोट टेकून एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर फुगलेली टोपी, एका हातात भेळेचा कागद.

"शटर नाही, शीड आहे!" मी ओरडलो.

"तेच ते. गुंडाळतं ना? माझा रोलिंग शटरचा धंदा आहे, भिवंडीला. बावीस वर्षं." मग भेळेचा घास घेऊन, "कितीला पडली ही?"

पुढच्या दहा मिनिटांत मला कळलं की माणूस संकटात असला की लोकांना त्याच्या वस्तूची किंमत जाणून घ्यावीशी वाटते. नवी घेतली की जुनी, कागदपत्रं असतात का, पार्किंगचं काय. मी पालथा, तोंडात स्क्रूड्रायव्हर. मेहुणा मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता. आकड्यासकट. बायकोला मी वेगळा आकडा सांगितलेला आहे, पण तो विषय निराळा.

"अहो, खाली बसा, पडाल," गृहस्थांच्या मागून बाई म्हणाल्या. "त्यांचं त्यांना कळतं ना!"

"कळत असतं तर असं झालं असतं का?" हे ते बायकोला म्हणाले, पण लाँचवर सगळ्यांना ऐकू गेलं. एक लहान मुलगा हसला. तो मला अजून दिसतो.

"साहेब, खाली काय बघताय? वर बघा, वर!" गृहस्थ भेळेच्या कागदाने आकाश दाखवू लागले. "शटर अडकलं की जो तो कुलपापाशी वाकतो. बिघाड वरच्या पेटीत असतो! तुमचा वरचा दोर त्या नळीला पिळा घालून बसलाय. ओढू नका. आधी उलटं सोडा!"

मी वर पाहिलं. आणि इथे लेख थांबवावासा वाटतो, कारण ते बरोबर होते. शीड चढवायचा दोर, आम्ही त्याला हॅलयार्ड म्हणतो, तो स्थिर राहायला हवा आणि त्याच्या खालचं स्विव्हल, म्हणजे शीड अडकवायची फिरती कडी, तेवढं फिरायला हवं. आमच्याकडे हॅलयार्डच नळीभोवती दोन वेढे घालून बसला होता, द्राक्षाच्या वेलीसारखा. मी वीस मिनिटं चुकीच्या टोकाला नाक घासत होतो, कारण त्या टोकाला माझा हात पोहोचत होता.

पण भिवंडीच्या शटरवाल्याचं लाँचभर लोकांसमोर ऐकायचं? मी मेहुण्याला इंजिन लावायला सांगितलं. शीड गुंडाळत नसेल तर बोटच शिडाभोवती फिरवायची, गोल गोल, म्हणजे ते तारेला आपोआप लपेटतं. ही खरी युक्ती आहे. फक्त कुठल्या बाजूने फिरायचं हे आधी ठरवावं लागतं. आमची पहिली फेरी उलटी झाली आणि होतं तेही सुटलं. लाँचवर टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला लोक मोजायला लागले. चौथ्या फेरीत शीड कसंबसं लपेटलं गेलं, आणि लाँच धक्क्याला लागता लागता गृहस्थांनी आपला मोबाइल नंबर दोनदा ओरडून सांगितला. "मोटर बसवून देतो! रिमोटवर!"

संध्याकाळी वारा पडल्यावर, नांगरावर, हॅलयार्ड सैल सोडला, ड्रम हाताने उलटा फिरवला. तीन फेऱ्यांत पिळा सुटला. उलटं सोडा म्हणाले होतेच ते.

कारण शोधलं तेव्हा मात्र हसू गेलं. गेल्या पावसाळ्यात बोट वर काढली होती तेव्हा शिडाचं वरचं टोक उन्हाने कुजलं म्हणून एका कारागिराकडे दिलं होतं. त्याने कुजकं कापून नवं टोक शिवलं, पैसे चोख घेतले. शीड त्यात आठ इंच आखूड झालं हे सांगायला विसरला. शीड आखूड, म्हणजे स्विव्हल तितकं खाली. वरचा उघडा दोर तितका लांब आणि तारेला अगदी समांतर. तो तारेपासून थोडा तिरका, दहाएक अंश तरी बाजूला जायला हवा, नाहीतर नळीबरोबर फिरणारच. उपाय काय, तर शीड आणि स्विव्हल यांच्यामध्ये वीतभर दोराचा तुकडा. साठ रुपयांचा. मी फोन केला तर कारागीर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

आणि बोट धक्क्याला बांधता आली असती तर हे मी ऑक्टोबरातच निवांत उभं राहून पाहिलं असतं. पण इतकं मोठं बंदर असलेल्या या शहरात आमच्यासारख्यांची बोट पाण्यात मध्येच नांगरलेली असते. तिच्याकडे जायला दुसरी होडी, होडीवाल्याला पैसे, तो सांगेल ती वेळ. ड्रमच्या बेअरिंगमधलं मीठ धुवायला गोडं पाणी कॅनमधून न्यायचं. म्हणून आपण धुत नाही. मग ते करकरतं, आणि पुढच्या वेळी बिघाड वर असला तरी आपण खालीच बघतो.

साठ रुपयांचा तुकडा मी लावला. शीड आता लोण्यासारखं फिरतं. पण मेहुण्याने तो नंबर लिहून घेतला होता, आणि आज सकाळी मला न विचारता फोन केला. गृहस्थ येत्या रविवारी येताहेत, सहकुटुंब, डबा घेऊन. साइट बघायचे पाचशे घेतात. पाण्यातली साइट असल्यामुळे हजार.