पौर्णिमेनंतरचा दिवस राहून गेला

कोल्हापूरजवळच्या जोतिबा डोंगरावर चैत्र पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेवरील हा लेख एरवी नेटका असला, तरी ‘जोतिबाची पालखी यमाई देवीच्या भेटीहून परतली की यात्रेची सांगता होते’ हे विधान कोल्हापूरकरांना पटणारे नाही. डोंगरावरची गर्दी ओसरू लागते हे खरे. पण दुसऱ्या दिवशी रात्री शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो आणि जोतिबाहून उतरलेले कितीतरी भाविक खास त्यासाठी मुक्काम करतात, याचा लेखात साधा उल्लेखही नाही.

माझे बालपण महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत गेले. भर उन्हाळ्याचे दिवस असल्याने रस्त्यावर टँकरने पाणी मारले जाई, ऊन कलल्यावर रांगोळ्या सुरू होत, आणि रथ गुजरीतून पुढे सरकेपर्यंत आमच्या पायऱ्यांवर ओळखीपाळखीच्यांबरोबरच गुलालाने माखलेली, नाव-गाव ठाऊक नसलेली माणसेही कोकम सरबत घेत बसलेली असत. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच सजवलेल्या काठ्या, नाचवण्याचे तंत्र, चारही बाजूंनी दोऱ्या ताणून तोल सांभाळण्याची कसरत, देवाला वाहिल्या जाणाऱ्या सुगंधी दवण्याचे महत्त्व हे सारे लेखकाने उत्तम टिपले आहे. परंतु डोंगर आणि शहर वेगळे काढल्यामुळे आम्ही घरबसल्या जी यात्रा अनुभवतो, ती त्यातून निसटली. पुढच्या वर्षी लेखकाने एक दिवस जास्त राहावे.