टक्कर होऊनच नाही राहिली

लीड म्हणाला, "भाऊ, सी भाषेतल्या आपल्या हॅश टेबलचं कोलिजन हँडलिंग टेस्ट करून दे, दोन कीज एकाच बकेटमध्ये पडल्या तर काय होते बघ." हॅश टेबल म्हणजे प्रत्येक नावावरून (की) एक आकडा काढायचा आणि त्या नंबरच्या खणात (बकेट) ते ठेवायचं; दोन नावं एकाच खणात आली की कोलिजन, म्हणजे टक्कर. मी म्हटलं त्यात काय, नागपुरात टकरीला काय तोटा! पण टेबल 65536 बकेट्सचं. सीताबर्डी, धंतोली, महाल, इतवारी, आठवेल तो मोहल्ला इंग्रजी स्पेलिंगनं घातला आणि प्रत्येकाला आपापली स्वतंत्र बकेट, कोणी कोणाच्या वाट्याला जाईना.

मे महिना, घरून काम, कूलरमधलं पाणी संपलेलं, मी फोनवर ओरडून राहिलो, "सर, टक्कर होऊनच नाही राहिली, घडवून आणा लागते!" आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "कोणाले ठोकून राहिला रे?"

मग हॅश फंक्शन, म्हणजे नावावरून आकडा काढणारा कोड, उघडला. लिहिणारा कंपनी सोडून गेला (असे लोक नेहमी गेलेलेच असतात). प्रत्येक अक्षरासाठी आधीच्या आकड्याला 31 नं गुणा, अक्षराचा कोड मिळवा, साइजनं भागून बाकी ठेवा. आता 31 वाल्यांची एक पत्रिका जुळलेली जोडी आहेच: कॅपिटल ए-स्मॉल ए (कोड 65 आणि 97), आणि दोन कॅपिटल बी (कोड 66). 65 गुणिले 31 अधिक 97 म्हणजे 2112, 66 गुणिले 31 अधिक 66 म्हणजे पण 2112. झाली टक्कर! सर्च केलं, दोन्ही बरोबर सापडल्या.

पण एका बकेटमधल्या कीज एकीला पुढची जोडून चेन बनते, आणि दोघांच्या चेनमध्ये मधला कोण? म्हणून टेस्टपुरतं फंक्शनमध्ये सरळ रिटर्न झिरो टाकलं, सगळं नागपूर एका बकेटमध्ये, एकामागे एक. खरं सांगतो, सुरुवातच इथून करायला पाहिजे, बाकी गणित शौकासाठी. पहिला डिलीट केला, ओके. शेवटचा केला, ओके. चेन नव्यानं भरून मधली धंतोली उडवली तर तिच्या मागचे महाल, इतवारी सगळे गायब! कारण डिलीटवाल्या कोडनं सीताबर्डीचा नेक्स्ट (पुढच्याचा पत्ता) धंतोलीच्या पुढच्याला जोडायचा सोडून नल (पुढे कोणीच नाही) करून टाकला होता. ते दुरुस्त केलं, खरं फंक्शन परत लावलं, सगळ्या टेस्ट हिरव्या.

लीडनं हौसेनं 'इतवारी' देवनागरीत टाकलं. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम भलत्याच मेमरीत शिरून बंद पडला. आमच्या मशीनवर कॅर (एका बाइटचा अक्षर-प्रकार) साइन्ड, म्हणजे -128 ते 127, आणि देवनागरीचे यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) बाइट सगळे 127 च्या वरचे, म्हणजे मायनसमध्ये, बाकी मायनस, बकेटचा नंबर (इंडेक्स) मायनस. अनसाइन्ड कॅर केलं की मिटलं असतं, मी की-बोर्डवर हात ठेवलाच होता.

"थांब बे," लीड म्हणाला, "हे कोलिजन नाही ना? मग या बगचं वेगळं तिकीट बनव."