लेखकानेच नको म्हटलं ते

दोष निळ्या टी-शर्टाचा. अप्पा बळवंत चौकातल्या त्या दुकानात पोरांचे टी-शर्ट निळे, आणि रविवारी माझाही निळा. पण ती पोरं विशीतली, मी सत्तेचाळिसाचा, शिवाय माझ्या टी-शर्टाच्या आत पोट आहे. एवढा फरक दिसू नये?

"अहो, जरा इकडे या. नवीन काय आलंय?"

दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर एक आजोबा बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, हातात यादी. 'मी इथला नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण कोणी पुस्तक विचारलं की माझ्या अंगात कीर्तनकार येतो. मेहुणीला दिवाळीपासून अकरा पुस्तकं सुचवली. दर वेळी ती मन लावून नाव लिहून घेते आणि पुढच्या भेटीत विचारते, "भावजी, काही चांगलं सुचवा ना." म्हणजे ती अकरा काय होती? असो.

यादीत चार वाचक. सौ.ना रडकं नको. जावयाला पातळ हवं, बंगळुरूच्या विमानात संपलं पाहिजे. नातवाला काहीही, पण मोबाइल सुटला पाहिजे. स्वतःला 'दर्जेदार'.

दर्जेदार म्हटल्यावर मी नंदा खरे यांची 'उद्या' पुढे केली. "2020चा साहित्य अकादमी मिळाला होता. लेखकाने नाकारला."

आजोबांनी चष्म्यावरून पाहिलं. "लेखकानेच नको म्हटलं, ते मी का घ्यावं?"

"पुस्तक नाही हो, पुरस्कार नाकारला."

"काहीतरी कारण असेल ना?"

जावयासाठी किरण गुरवांच्या कथा काढल्या, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'.

"डायरी? कोणत्या सालची?"

मी गाफील. "अकादमी 2021चा."

"मग जुनीच की. कोरी पानं किती उरलीत?"

इथे मी निघायला हवं होतं. त्याऐवजी कृष्णात खोतांची 'रिंगाण' उचलली. 2023चा अकादमी. धरणापायी गाव उठतं, म्हैस मागे राहते, असं जरा रंगवून सांगू लागलो.

"धरण? कोणतं, पानशेत?"

संपलं. 12 जुलै 1961. आजोबा चौथीत, घर नारायण पेठेत. पाणी आधी ओट्यावर, मग कोनाड्यात, मग देवांच्या वर. त्यांचा तांब्याचा बंब वाहून गेला. चार दिवसांनी तसाच एक बंब शेजारच्या वाड्यात दिसला. शेजारी म्हणाले, आमचाच आहे. पण कानाला पोचा होता, आणि तो पोचा आजोबांच्या आत्याने पाडलेला! आत्या कशी होती, तिचं सासर कुठलं, त्या शेजाऱ्यांशी अजून बोलणं का नाही, हे सगळं मी तीन पुस्तकं छातीशी धरून पंचवीस मिनिटं उभ्याने ऐकलं. स्टूल एकच होतं.

शेवटी वैतागून म्हणालो, "आपल्याला धरण फुटलं तेवढं आठवतं. ते बांधताना ज्यांची घरं बुडाली, त्यांचं काय?"

"त्यांना पैसे मिळाले," आजोबा म्हणाले. "आमचा बंब गेला."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि रात्री झोपताना सुचत नाही म्हणून चीड येते.

"म्हैस जगते का शेवटी?"

"ते सांगायचं नसतं."

"म्हणजे मेली. सौ.ना नको."

आजोबा उठले, गल्ल्यावर गेले आणि एक पंचांग घेतलं. सुटे पैसे मोजता मोजता मालकांना म्हणाले, "तुमचा तो जाडा माणूस बोलतो फार. विकायची हातोटी नाही त्याला."

मालक हसले. पंधरा वर्षं मी या माणसाच्या दुकानात पैसे ओततोय. 'अहो, ते गिऱ्हाईक आहेत' एवढं वाक्य बोलायला त्यांना किती खर्च आला असता? पण नाही. वर मला म्हणाले, "ती तिन्ही जागेवर ठेवा हं."

ठेवली. तेवढ्यात मागून एक बाई घाईघाईने आल्या.

"दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच?"

"मागचं कपाट, खालून दुसरा कप्पा," मी म्हणालो. "सेमी की मराठी माध्यम?"