किट सोयऱ्यांतून जाऊ द्या, निकाल नाही

खान्देशातल्या सातपुड्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), क्षय आणि एचआयव्हीची तपासणी घरोघरी पोचवायची असेल, तर शिबिरापेक्षा सोयरे जास्त कामाचे आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पाडे विखुरलेले, घराघरात चढ-उतार. शिबिर भरतं ते रस्त्याला लागून असलेल्या गावात आणि कामाच्या वेळेत. तिथे येतात आश्रमशाळेची मुलं, गरोदर बाया आणि ज्यांना दवाखान्याची आधीच सवय आहे असे लोक. शाळा सोडलेला सतरा-अठराचा पोरगा येत नाही. गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला गेलेलं जोडपंही येत नाही. तपासणी खरं तर त्यांचीच आधी व्हायला हवी, कारण लग्नं त्यांची ठरताहेत आणि मुलं त्यांना होताहेत.

ओळखीच्या माणसाच्या हातून किट पुढे पाठवायची ही रीत इतरत्र वापरून झाली आहे. केनियात गरोदर आणि बाळंत बायांना एचआयव्हीच्या स्व-चाचणीच्या किट दिल्या, त्यांनी त्या घरी नवऱ्याला नेऊन दिल्या. तीन महिन्यांत सुमारे ९१ टक्के नवऱ्यांची तपासणी झाली. ज्या बायांना नुसती 'नवऱ्याला दवाखान्यात पाठवा' अशी चिठ्ठी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये एचआयव्ही तपासणीसाठी अशा ओळखीच्या जाळ्यांची शिफारस केली. पण आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये. प्रत्येक आजाराचं जाळं वेगळं असतं, आणि ते न पाहता किट वाटल्या तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं.

सिकलसेलपासून सुरुवात करू, कारण सातपुड्यात ते सगळ्यात तातडीचं आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उद्दिष्ट असं की ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा. सिकलसेल रक्ताच्या नात्यातून येतो, म्हणून इथे नात्याचं जाळं हाच आजाराचा नकाशा आहे. एखादं मूल एसएस, म्हणजे रुग्ण, निघालं तर त्याचे आई आणि बाप दोघेही किमान वाहक असतातच. वाहक म्हणजे ज्याच्यात दोष आहे, पण आजार नाही. बाप वाहक म्हणजे आजा-आजीपैकी एकात तरी तो दोष आहे, म्हणून प्रत्येक काकात आणि आत्यात तो असण्याची शक्यता निदान निम्मी. आईकडून मामा-मावशीचंही तेच. तेव्हा मूल सापडलं की पहिल्या किट गावभर वाटू नका. काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांची लग्नाच्या वयाची मुलं, एवढ्यांना आधी द्या. आत्या-मावश्या लग्न होऊन दुसऱ्या पाड्यात, दुसऱ्या तालुक्यात, कधी सीमेपलीकडे मध्य प्रदेशात वा गुजरातेत गेलेल्या असतात. तिथवर सरकारी यादी पोचत नाही, पण सणाला माहेरी येणारी बहीण पोचते.

आता किट कोणती, हा खरा प्रश्न आहे. मोहिमेत सर्रास वापरतात ती द्रावण चाचणी. २ मिलीलिटर रसायनात २० मायक्रोलिटर रक्त मिसळायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग काळ्या रेघा छापलेला कागद नळीमागे इंचभर अंतरावर धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक, गढूळपणात बुडाल्या तर दोष आहे. स्वस्त आणि झटपट आहे, पण तिच्या खोड्या माहीत नसतील तर ती फसवते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिला कळत नाही, दोघांची नळी गढूळच होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती करूच नये, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचा निकालही भरवशाचा नाही. आपल्याकडची सगळ्यात मोठी खोड म्हणजे अंगात रक्त फार कमी असेल तर दोष असूनही नळी स्वच्छ दिसते. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोलिटर घ्यावं लागतं. म्हणून आधी हिमोग्लोबिन, मग सिकलसेल, हा क्रम सोडू नये. रक्त कमी असलेल्या बायांच्या भागात हा क्रम सोडला तर ज्यांना गरज त्यांनाच 'काही नाही' असं सांगून घरी पाठवतो आपण. रसायन फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तरी निकाल बिघडतो, ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. आणि संध्याकाळी झोपडीत टॉर्चच्या उजेडात नळी वाचू नये.

दुसरा प्रकार पट्टीचा. त्यातल्या काही पट्ट्या उलट्या वाचायच्या असतात, म्हणजे ज्या हिमोग्लोबिनची रेघ उमटली नाही, ते रक्तात आहे असा अर्थ. आशाताईंचा हात मलेरियाच्या पट्टीवर बसलेला असतो आणि तिथे रेघ म्हणजे आजार. एकाच पिशवीत दोन्ही पट्ट्या असल्या की घोटाळा ठरलेला. त्या पट्टीच्या प्रत्येक पाकिटावर निकालाचं चित्र चिकटवल्याशिवाय ती पाड्यावर जाऊ नये.

पण सोयऱ्यांच्या हातून पाठवायला नळी आणि पट्टी दोन्ही नकोत, असं आमचं ठाम मत आहे. कारण दोन्हींचा निकाल घरातल्या सगळ्यांसमोर उमटतो. पोरीची नळी गढूळ झालेली नणदेने पाहिली की संध्याकाळपर्यंत ती गोष्ट आठवडे बाजारात असते. सोयरीक मोडते, आणि मोडते ती बहुतेक वेळा पोरीची. आजारी मूल जन्मण्यासाठी आई-बाप दोघांकडून दोष यावा लागतो, तरी बोल लागतो तो सुनेलाच. आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. मूल रुग्ण आणि बापाची नळी स्वच्छ, असं घरातच दिसलं तर मूल बापाचं नाही असा संशय येऊन त्या बाईच्या जिवावर बेतू शकतं. मग तो रक्त कमी असल्यामुळे आलेला खोटा निकाल का असेना.

म्हणून नात्यातून जायला हवा तो रक्ताचा थेंब टिपायचा कागद. नवजात बाळांच्या तपासणीत वापरतात तोच. त्यावर घरात काही दिसत नाही. निकाल प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या) लागतो, आणि वाहक की रुग्ण हेही तिथेच कळतं, दुसऱ्यांदा रक्त द्यावं लागत नाही.

हा कागद नीट भरणं हातखंड्याचं काम आहे, पण शिकता येतं. हात साबणाने धुवून कोरडे करायचे आणि मिनिटभर खाली लोंबू द्यायचे. ज्या हाताने काम करतो तो सोडून दुसऱ्या हाताचं मधलं किंवा करंगळीशेजारचं बोट घ्यायचं, टोचायचं ते टोकाच्या बाजूला, मधोमध नाही. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा. दुसरा थेंब मोठा लोंबू द्यायचा आणि कागदाच्या गोलाला अलगद लावायचा. बोट कागदावर दाबायचं नाही. एका गोलाला एकच थेंब, आणि तो मागच्या बाजूनेही तितकाच दिसला पाहिजे. अर्धवट भरला म्हणून त्यावर दुसरा थेंब टाकला की तो गोल वाया गेला, पुढचा गोल घ्यावा. बोट पिळून पिळून रक्त काढलं तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं.

वाळवणं हा त्याहून नाजूक भाग. कागद आडवा ठेवायचा, रक्ताच्या भागाला खाली काही टेकू द्यायचं नाही, आणि सावलीत तीन-चार तास. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. माश्या-मुंग्या लागू नयेत म्हणून वर पातळ कापड लांबून ताणायचं. ओला कागद पाकिटात घातला की तो खराब होतो, आणि पावसाळ्यात ही चूक सगळ्यात जास्त होते. वाळल्यावर कागदी पाकीट, मग झिपची पिशवी, आत ओल शोषणारी पुडी. पुडीतले निळे खडे गुलाबी झाले की ती बदलायची. कागद आठवडाभरात प्रयोगशाळेत पोचावा, कारण उष्णतेत आणि दमट हवेत रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडत जातं आणि यंत्राला वाचायला अडचण होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा मोटरसायकलच्या डिकीत किट ठेवणं म्हणजे ती फेकून देणं. बहुतेक किटवर कमाल तापमान ३० अंश लिहिलेलं असतं, ते वाचावं.

टोचणीची सुई एकदाच. बापाला टोचून तीच पोराला लावली तर कावीळ-बीपासून एचआयव्हीपर्यंत काहीही जाऊ शकतं. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात, आणि डबा उपकेंद्रात परत. पाकिटावर नुसतं नाव लिहून भागत नाही, कारण एकाच पाड्यात एकाच नावाची माणसं असतात. बापाचं नाव, पाड्याचं नाव आणि छापील क्रमांक लिहावा. किट पुढे देणाऱ्या नातलगाकडे फक्त क्रमांक राहतो, निकाल कधीच नाही.

एका माणसाला तीनच किट द्याव्यात. दहा दिल्या तर शेजारपाजारच्या आणि सोप्या माणसांत वाटून मोकळे होतात. तीन दिल्या की विचार करून देतात. आणि किटमागे पैसे देऊ नयेत. प्रवासखर्च द्यावा, दिवसाची मजुरी बुडाली तर ती द्यावी. पण नगावर पैसे ठेवले की बळजबरी सुरू होते, नाहीतर एकाच घरातल्या रक्ताने चार कागद भरले जातात.

निकाल सांगायचा तो एकट्याला, समोरासमोर आणि त्याच्या बोलीत. पावरीत, भिलोरीत, अहिराणीत. वाहकाला पहिलं वाक्य हे: 'तुले काही रोग नही शे.' मग पुढे सांगायचं की जोडीदारही वाहक असला तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. 'चार मुलांत एक' असं म्हणू नका, कारण पहिलं आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असा अर्थ लोक घेतात. पाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप जावा तो 'किट आल्या आहेत' एवढाच.

क्षयाचं जाळं वेगळं. तिथे रक्ताचं नातं गौण, एका छपराखाली झोपणं महत्त्वाचं. म्हणून तिथे घर आणि ऊसतोडीची टोळी ही दोन जाळी धरावी लागतात. पडावावर शेजारी-शेजारी झोपड्या, एकाच ट्रकमधून येणं-जाणं. एका तोडकऱ्याला क्षय निघाला तर त्याच्या टोळीतल्या प्रत्येकाला बेडक्याची नळी पोचली पाहिजे. हे काम मुकादमाकडे देऊ नये. त्याच्याकडे उचलीचा हिशेब असतो, आणि आजारी माणूस त्याला नुकसान वाटतो. टोळीतल्याच एखाद्या बाईकडे द्यावं. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरायची. झोपडीबाहेर मोकळ्या हवेत दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून २ ते ५ मिलीलिटर बेडका काढायचा. नुसती थुंकी आली तर नमुना फुकट. क्रमांक नळीवर लिहायचा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. ज्याला क्षय निघेल त्याला उपचार चालू असेपर्यंत पोषणाचे महिन्याला १,००० रुपये मिळतात, हे नळी देतानाच सांगावं. हेल्पलाइन १८००-११-६६६६.

एचआयव्हीत जाळं आणखी लहान आणि नाजूक. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. घरातली कर्ती माणसं सुनेला बसवून किट करायला लावतील, ही भीती खरी आहे. तिथे नातलगांमार्फत किट नको, स्वतःहून मागणाऱ्यालाच द्यावी, आणि १०९७ हा क्रमांक पाकिटावर मोठा छापावा.

मे २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या कोविडच्या घरगुती किटला मंजुरी मिळाली, तेव्हा निकाल मोबाइल अॅपवरून नोंदवायचा होता. टॉवर नसलेल्या दऱ्यांत असली सोय चालत नाही. इथे क्रमांकाची चिठ्ठी आणि आशाताईची वही हेच बरं.

वेळापत्रक सणांवर बसवावं. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्याआधी क्षयाच्या नळ्या आणि पत्त्यांची नोंद. होळीला, भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात, माणसं डोंगरात परत असतात. सिकलसेलचे कागद तेव्हा हातात पडले पाहिजेत आणि प्रयोगशाळेचे अहवाल आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पाड्यावर पोचले पाहिजेत, कारण त्यानंतर लग्नाच्या बोलण्यांत कुणी थांबत नाही. जिथे हा अहवाल वेळेत आणून देणारं माणूस नेमलेलं नाही, त्या तालुक्यात यंदा कागद वाटायला घेऊ नयेत. आधी ते माणूस नेमावं.