अप्पांना बघायला जाताना

अप्पा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहेत आणि तुम्ही अजून गावातच? काळीपिवळी ठरवा, दहा-बारा जण कोंबा. शेंबडा नातू राहायला नको, अप्पांचा जीव त्याच्यात अडकलाय.

वॉर्डात शिरताना बेसिनकडे बघू नका. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात म्हणे. एवढ्यात तंबाखू मळून होते! तळहात, अंगठा, चोळणं तेच, फक्त साबणाला चव नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने प्रसूतिगृहात क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू शंभरात अठरावरून काही महिन्यांत दोनच्या आसपास आले. तिथल्या बड्या डॉक्टरांनाही ते पटलं नाही, मग आपण का मनावर घ्यायचं?

थेट अप्पांच्या खाटेवर टेका. "अप्पा, कसं शे आते?" म्हणत सलाईनचा हात कुरवाळा. डबा तिथेच उघडा, भरीत-भाकरी सगळ्यांनी एकाच ताटात घ्या. केळ्यांची सालं पिवळ्या डब्यात टाका. तो जखमांच्या पट्ट्या-कापसासाठी असतो, पण रंग तर जुळतो!

आता खिडक्या. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या झळा, त्यामुळे त्या घट्ट लावलेल्या असतील. उघडू नका. कूलर आहे ना, आतलीच हवा आतल्या आत फिरवायला. शेजारच्या खाटेवरचे बाबा महिनाभर खोकतायत. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासून घ्यायची असते, पण खोकला त्यांचा, आपण कशाला बोला? टीबीचे जंतू हवेतून पसरतात आणि उघडी खिडकी त्यांना फुकटात पातळ करते. हीच तिची खोट. फुकटाचं टेंडर निघत नाही, खिडकीची फीत कापायला कुणी येत नाही. कोपऱ्यातल्या प्लास्टिक न काढलेल्या मशीनचा फोटो मात्र पेपरात आला होता.

अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर. "एका पेशंटजवळ एकच जण थांबा" असं ती तिसऱ्यांदा सांगेल, तेव्हा आवाज चढवून विचारा, "आम्ही कुणाची माणसं आहोत, माहीत आहे का?" ती बिचारी गप्प होईल. तिला फरशीच्या पोछ्याकडेही बघायचंय. संडासातून निघालेला तो पोछा त्याच बादलीसह आता बाळंतिणींकडे निघालाय, आणि रोज ताजं करायचं ब्लीचिंगचं पाणी सोमवारचंच आहे.

निघताना काळीपिवळीवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या आठवड्यात नातवाला बघायला अप्पांना यावं लागेल.