धनुष्याच्या इतिहासासाठी सभासद व्हायलाच हवं

ब्रिटनमध्ये 1956 साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ आर्चर अँटिक्वेरीज या धनुष्यबाणाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेवरचा लेख मनापासून आवडला. स्वतः बाण न मारणाऱ्याने तिथे सभासद होऊन काय करायचं, हा लेखातला प्रश्न मात्र पटला नाही. उलट अशांनी जरूर व्हावं. नेम धरणं वेगळं आणि शेकडो वर्षांपूर्वीचं धनुष्य समोर ठेवून ते कसं घडवलं असेल हे शोधणं वेगळं.

मेरी रोझ या जुन्या इंग्लिश लढाऊ जहाजाचंच बघा. 1545 मध्ये बुडालं, 1982 मध्ये वर काढलं. त्यात शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली, तीही यू झाडाच्या लाकडाची. टोकांवरच्या, प्रत्यंचा अडकवायच्या शिंगाच्या टोप्या जवळजवळ सगळ्या समुद्रात नष्ट झाल्या, पण त्या जिथे बसवल्या होत्या तिथे लाकडाचा रंग फिका राहिला. एवढ्याशा खुणेवरून केवढं कळतं!

आणि हा इतिहास फक्त इंग्लंडचा नाही. तुर्की आणि मुघल धनुष्यात आतून म्हशीचं शिंग, मध्ये लाकूड, बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू, सगळं सरसाने चिकटवलेलं. प्रत्यंचा अंगठ्याने ओढायची म्हणून अंगठ्यात खास अंगठी, कधी जेड या मौल्यवान दगडाची. मुघल चित्रांत ती नीट पाहिली तर दिसते. आपल्याकडच्या संग्रहालयांत काचेआड ठेवलेल्या धनुष्यांवर मराठीत फार थोडं लिहिलं जातं. संस्थेचं वार्षिक जर्नल वाचणाऱ्या आपल्यातल्या कुणीतरी ते काम हाती घ्यावं, अशी फार इच्छा आहे.